शिंकं न तुटताही बोक्याचं फावतं: ऑटोमॅटिक कॅट फीडरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच कल्टी मारली तरी चालेल. ऑटोमॅटिक फीडरने भुकेपोटी होणारी चोरी थांबते, चवीपोटी होणारी थांबत नाही. जाहिरातीत "आता तुमचं मांजर ओट्याकडे फिरकणारसुद्धा नाही" वगैरे लिहितात ना, ते सोडून द्या, फिरकतं, चांगलं मजेत फिरकतं. तरीपण पाचपैकी चार स्टार देतेय, आणि एक कुठे कापला तेही सांगते.

आमचा बोका गोट्या. नसबंदी झालेला, साडेचार किलोचा, तब्येतीने ठणठणीत आणि अट्टल चोर. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, हा डोळे टक्क उघडे ठेवून, आपल्याकडे बघत बघत लोण्यावर जीभ फिरवतो. झाकण ठेवलं तर पंजाची दोन नखं कडेखाली घालतो, जरासं उचलतो, मग नाकाने ढकलतो, आणि झाकण खणकन खाली पडलं की स्वतःच दचकून पळतो आणि लगेच परत येतो, कारण झाकण तर आता पडलेलंच आहे, म्हणजे त्याचं काम उलट सोपं झालं. ब्रेडचं पाकीट फाडतो पण ब्रेड खात नाही, का फाडतो ते त्यालाच माहीत. चिकन डिफ्रॉस्ट करायला बाहेर काढलं की हा फ्रीजच्या वर जाऊन बसणार, एकदम साधूसारखा, आणि आपण फोन घ्यायला वळलो की पिशवीसकट चिकन सोफ्याखाली.

ओरडून काही होत नाही हे मांजर पाळणाऱ्या सगळ्यांना माहीतच असेल. ओरडल्यावर ते एवढंच शिकतं की ही बाई खोलीत असताना ओट्यावर जायचं नाही. बाई गेली की रान मोकळं. आणि निरोगी मांजराला दीड मीटर उंचीची उडी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे "वरच्या फळीवर ठेवा" हा सल्ला देणाऱ्यांनी बहुतेक कुत्रा पाळलेला असतो.

तर मशीन. वर कोरडं खाणं भरायचा डबा, खाली फिरणारी चकती, पुढे घसरगुंडीसारखी नळी आणि वाटी. अ‍ॅपमधून वेळा लावायच्या, प्रत्येक वेळी किती पोर्शन पडणार ते ठरवायचं, बस. झाकणाच्या आत सिलिका जेलची पुडी ठेवायला जागा आहे, ती खरंच उपयोगी आहे, दमट हवेत दाणे मऊ पडले की चकतीत अडकतात. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची सोय पण आहे, खाणं पडायच्या आधी आपला आवाज येतो. मी केला, गोट्याने मशीनच्या मागे जाऊन मला शोधलं, मग मी तो बंद केला. वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं चालतं, राउटर ५ वर असेल तर जोडताना डोक्याला ताप होतो, अ‍ॅप धड सांगत पण नाही काय चुकतंय ते.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण याच डिझाइनची मशीनं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मी लिहितेय ते जवळपास सगळ्यांना लागू आहे.

सगळ्यात महत्त्वाचं काम सेटिंगचं, आणि ते लोक करत नाहीत. मॅन्युअलमध्ये एक पोर्शन म्हणजे इतके ग्रॅम असं छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. मशीन वजन मोजत नाही, चकतीच्या खणात मावेल तेवढं टाकतं, दाणा बारीक असेल तर जास्त मावतो, मोठा असेल तर कमी. त्यामुळे लागोपाठ दहा पोर्शन पाडायचे, किचनच्या काट्यावर एकत्र तोलायचे, दहाने भागायचं. मग खाण्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी आहेत ते बघायचं, कोरड्या खाण्यात साधारण ३५० ते ४०० असतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या, मध्यम वजनाच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाणं साठ ग्रॅमच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा कारण वय आणि वजनाप्रमाणे तो बदलतो. पण लक्षात घ्या, साठ ग्रॅम म्हणजे किती कमी! आपण डोळ्याच्या अंदाजाने वाटी भरतो ती याच्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि मांजर चोरतंय म्हणजे उपाशी आहे बिचारं, म्हणून आपण अजून वाढतो.

मी ते साठ ग्रॅम सहा वेळांत वाटले, आणि खरा फरक इथे पडला. मांजर मुळात दिवसभरात थोडं थोडं, खूप वेळा खाणारा प्राणी आहे, उंदराएवढी शिकार एका वेळी, मग पुढची. आपण त्याला माणसासारखं सकाळ-संध्याकाळ दोनदा जेवायला घालतो आणि मग मधल्या वेळात ते ओट्यावर का चढतं म्हणून कपाळाला हात लावतो. त्यातून ते पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चळवळं असतं, म्हणजे नेमकं आपण झोपेत असतो तेव्हा आणि आपण स्वयंपाकात असतो तेव्हा. म्हणून एक वेळ पहाटेची लावली आणि एक आमचा स्वयंपाक सुरू व्हायच्या जरा आधीची. पहाटे तोंडावर पंजा मारून उठवणं बंद झालं, कारण खाणं आता माझ्याकडून येतच नाही, मशीनकडून येतं, तो मशीनसमोर जाऊन बसतो आणि मशीनला काही लाज वाटत नाही, ते वेळ झाल्याशिवाय देत नाही. संध्याकाळी भाजी चिरताना पायात घोटाळणं पण बरंच कमी झालं. नुसतं यासाठी दोन स्टार.

आता जे बंद झालं नाही ते. लोणी, चीज, मासे, चिकन. पोट भरलेलं असलं तरी हे दिसलं की हात साफ. याला भुकेचा संबंधच नाही. मांजर पक्कं मांसाहारी, त्याला चरबी आणि प्रोटीनचा वास लांबून खेचतो. गंमत म्हणजे गोड त्याला कळतच नाही, २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की मांजरांमध्ये गोड चव ओळखणाऱ्या रिसेप्टरचं एक जीनच निकामी झालेलं आहे. म्हणजे केकवर तोंड मारतं ते क्रीममधल्या फॅटसाठी, साखरेसाठी नाही. आणि दूध म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नीट पचत नाही, चोरून पिणार हे आणि नंतर लिटर बॉक्स साफ करणार आपण.

शिवाय आमच्याकडे बाबा आहेत. कोणतंही मशीन बाबांपुढे टिकणार नाही. जेवताना ताटातला एक तुकडा टेबलाखाली जातोच. "बाबा, त्याला देऊ नका हो, मग तो ओट्यावर चढतो." "अगं एवढासा तर दिला, बघत होता बिचारा." हे एवढासं फार महाग पडतं. रोज देऊन मग एकदम बंद केलं असतं तर एक वेळ सवय तुटली असती, पण नऊ वेळा नाही आणि दहाव्यांदा हो, असं झालं की मांजर कायम आशेवर राहतं, लॉटरी लावणाऱ्या माणसाचं तेच होतं. शेवटी बाबांशी तह केला, द्यायचंच असेल तर उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचा तुकडा, तोही ताटातून नाही, गोट्याच्या वाटीत, जेवण झाल्यावर. बाबा पाळतात, बहुतेक वेळा.

एक स्टार जो कापला तो मशीनच्या बनावटीसाठी. नळी इतकी रुंद आहे की बारीक पंजाचं मांजर आत हात घालून चकती हलवू शकतं आणि दोन-चार दाणे बोनस काढू शकतं. गोट्याला हे लवकरच जमलं. वरचं झाकण नुसतं दाबून बसतं, फिरवून लॉक होत नाही, मशीन आडवं पाडलं की उघडतं, आणि मांजर मशीन आडवं पाडणार नाही असं ज्याला वाटलं त्या इंजिनियरला माझा साष्टांग नमस्कार. तुम्ही घेताना लॉक होणारं झाकण आणि आतून वळलेली नळी बघूनच घ्या. मी मशीन भिंतीच्या कोपऱ्यात दोन बाजूंनी अडकेल असं बसवलं आणि खाली घसरू न देणारी मॅट टाकली, आता पडत नाही. वाटी प्लॅस्टिकची होती, ती काढून स्टीलची ठेवली, प्लॅस्टिकला चरे पडतात, त्यात तेलकटपणा साठतो आणि काही मांजरांना हनुवटीला काळ्या पुटकुळ्या येतात. कस्टमर केअरला झाकणाबद्दल लिहिलं तर उत्तर आलं की पाळीव प्राण्याला प्रॉडक्टपासून दूर ठेवावे. फीडरपासून. मांजराला. असो.

आणि ओलं खाणं देणाऱ्यांसाठी हे मशीन नाहीच. त्यासाठी बर्फाची पिशवी बसणारे, खण-खण असलेले गोल फीडर वेगळे मिळतात, ओलं खाणं नुसतं बाहेर तासन्‌तास ठेवायची वस्तू नाही. घरात दोन मांजरं असतील आणि एक दुसऱ्याचं पळवत असेल तर मानेच्या मागे कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून त्याच मांजराला झाकण उघडणारा फीडर बघा, साध्या मशीनमध्ये जो दांडगा तो सगळं खाणार.

याच कामासाठी अजून काय काय वापरून पाहिलं ते पण सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मोशन सेन्सरवाला हवेचा स्प्रे: मांजर जवळ आलं की फुस्स. चालतो, पण तो माणूस आणि मांजर यात भेद करत नाही, चहा ठेवायला गेलेल्या आईवर फुस्स झालं आणि आईने त्याच क्षणी त्याची बॅटरी काढून ठेवली. शिवाय भित्र्या मांजरासाठी नकोच, ते किचनच नाही तर अख्खं घरच घाबरून राहतं. दोन्ही बाजूंनी चिकट टेप ओट्याच्या कडेला लावली, पंजाला चिकटतं म्हणून मांजराला आवडत नाही हे खरं, पण ओटा पुसता पुसता टेपचं जे होतं ते बघवत नाही. आणि लिंबू-संत्र्याच्या वासाने मांजर पळतं म्हणून तेल शिंपडा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, एसेन्शियल ऑइलमधले बरेच घटक मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, अंगाला लागून चाटण्यात गेलं तर विषबाधा होऊ शकते.

सगळ्यात कामाला आलं ते लहान मुलांसाठी मिळतं ते कपाटाचं लॉक आणि पायाने उघडणारी, झाकण घट्ट बसणारी कचरापेटी. कचरापेटीबद्दल तर मी म्हणेन फीडरच्या आधी ती घ्या. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, आणि मांसाला बांधलेला दोरा किंवा चिकनखालचा रक्त शोषणारा कागद मांजराने गिळला तर सरळ ऑपरेशनपर्यंत जातं. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं, तसंच उचलून व्हेटकडे न्या.

चोरीत हसण्यासारखं जेवढं आहे तेवढंच हेही आहे, म्हणून लिहिते. कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत, कच्चे, शिजवलेले, पावडर, कुठल्याही रूपात, त्यांनी लाल रक्तपेशी फुटतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी मांजर मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. म्हणजे आपल्या रश्श्यातला चिकनचा तुकडा पळवला तर प्रश्न चिकनचा नसतोच, रश्श्याचा असतो. चॉकलेटही मांजराला विषारीच.

आणि जे मांजर कधी चोरत नव्हतं ते अचानक हावरट झालं, खातंय भरपूर आणि वजन उतरतंय, पाणी पण जास्त पितंय, तर फीडर मागवू नका, आधी रक्त तपासून घ्या. वयस्कर मांजरात थायरॉइड वाढणं, डायबेटीस, किंवा साधे जंत, यातलं काहीही असू शकतं. आणि उलट टोकाला जाऊन "चोरतो काय, राहा उपाशी" असं पण करू नका, विशेषतः जाड मांजराला, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं.

तर कोणी घ्यावं: एकच मांजर आहे, कोरडं खातं, पहाटे उठवतं, स्वयंपाकाच्या वेळी अंगावर येतं, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. लोणी वाचवायचंय एवढाच हेतू असेल त्यांनी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, स्वस्तात काम होईल. आणि हो, वीज गेल्यावर चालायला यात बॅटऱ्या टाकाव्या लागतात, त्या जाड साइजच्या असतात, मशीनसोबत येत नाहीत आणि रिमोटच्या बॅटऱ्या यात बसत नाहीत, त्यामुळे ऑर्डर टाकतानाच त्या पण मागवा, नाहीतर पहिल्याच लोडशेडिंगच्या पहाटे तोंडावर पंजा ठरलेला.