क्लाउनफिश की ब्लू टँग?

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायला निघालेला इंदूरचा माझा भाचा या दोन माशांत अडकला आहे, आणि दुकानदाराच्या मते अर्थातच दोन्ही ‘अगदी सोपे’ आहेत.

रूपात डावे-उजवे करणे अवघड. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश जेमतेम 11 सेंटिमीटर वाढतो. पिवळ्या शेपटीचा निळा टँग मात्र दुकानात रुपयाएवढा दिसला, तरी पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि खरी अडचण इथेच आहे. प्रवाळखडकांत क्लाउनफिश एकाच समुद्रफुलाच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या) आश्रयाने आयुष्य काढतो, म्हणून त्याला 100 लिटर पुरतात. शेवाळ खुडत दिवसभर हिंडणाऱ्या टँगला किमान 600 लिटर हवेत. नर्मदेचे नळाचे पाणी आरओतून काढून त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ घालायचे, म्हणजे एकीकडे साडेतीन किलो, दुसरीकडे 21 किलो.

क्लाउनफिशच्या जोडीत मोठी ती मादी. ती मेली की नरच मादी होतो. टँग घाबरला की फटीत अंग कोंबतो, आणि त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेला धारदार काटा हात कापू शकतो. शिवाय त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन जडतो.

पहिलीच टाकी आणि बेताची जागा असेल, तर टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी घ्यावी. टँग, सहा फुटी टाकी वर्षभर नीट सांभाळलेल्यानेच आणावा.