जीएसटीच्या कामात एआय चॅटबॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या अकाउंटंट मंडळींना एआय चॅटबॉटचा खरा उपयोग 2बीच्या, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या यादीच्या जुळवणीत आहे. मासिक रिटर्नवाल्यांचा जीएसटीआर-2बी 14 तारखेला तयार होतो, 3बी, म्हणजे कर भरण्याचा रिटर्न, द्यायचा 20 पर्यंत. मधले दिवस टॅलीतली खरेदी ताडून बघण्यात जातात. चॅटबॉट एक्सेलचा फॉर्म्युला मिनिटात लिहून देतो. फक्त एक्सेल कोणतं ते आधी सांगा, 2016 मध्ये एक्सलुकअप हा शोधायचा फॉर्म्युला चालत नाही. नुसत्या बिल नंबरावर शोधू नका, जीएसटीआयएन (व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर) जोडून घ्या; 112 नंबरचं बिल चार व्यापाऱ्यांचं असू शकतं. तरी जुळत नसेल तर घोळ बहुधा कॉलममध्ये असतो: 0045 या बिल नंबराचं 45 झालेलं, 3/12 ची तारीख झालेली. कॉलम आधी टेक्स्ट करा, मग डेटा आणा. काही न दिसणाऱ्या स्पेस ट्रिमने जात नाहीत. त्या कॅरेक्टर 160 असतात, सब्स्टिट्यूटने काढाव्या लागतात.

पार्टीची खरी शीट मात्र त्यात टाकू नका. पॅनचा कॉलम काढून भागत नाही, जीएसटीआयएनमधली 3 ते 12 ही अक्षरं म्हणजे पॅनच. चार खोट्या ओळी देऊन फॉर्म्युला घ्या.

सीमाभागातल्या बिलांवर चॅटबॉट घसरतो. बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीने कोल्हापूरच्या पार्टीला बिल केलं आणि तिच्या सांगण्यावरून माल उद्यमबागेतच मशीनिंगवाल्याकडे उतरवला, तर हा सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीचा कर) सांगून मोकळा! आयजीएसटी कायद्याच्या कलम 10(1)(बी) प्रमाणे पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, कोड 27, म्हणजे दोन राज्यांमधला कर, आयजीएसटीच. प्रश्नात ‘बिल टू, शिप टू’ लिहिलं की उत्तर बरंचसं सुधारतं. दरही कधी जुनेच सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू 5 किंवा 18 वर आल्यात.

छापील कन्नड नोटिशीचा मराठी सारांश चांगला देतो. हाताने लिहिलेल्या शेऱ्यावर भरवसा नको. कन्नडमधले 6 आणि 7 हे आकडे (೬, ೭) माणसालाही फसवतात.

नुसती एन्ट्री मारणाऱ्याचं काम कमी होणार, हे उघड आहे. आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कुणाकडे अडकली ते शोधून पुरवठादाराला जीएसटीआर-1, म्हणजे त्याचा विक्रीचा रिटर्न, दुरुस्त करायला लावणारा माणूस मात्र ऑफिसला लागतोच. शिकायचंच तर आधी एक्सेलमधलं डेटा साफ करायचं साधन पॉवर क्वेरी, मग पुरवठ्याचं ठिकाण ठरवणारी आयजीएसटीची कलमं 10 ते 13. प्रॉम्प्टच्या (चॅटबॉटला प्रश्न कसे विचारायचे याच्या) कोर्सला पैसे घालू नका.