नाव न छापलेले तिकीट : सांगलीतील चार सोमवार

आमच्या सांगलीतील एका चित्रपटगृहाने महिन्यातून एका सोमवारी रात्री नऊ वाजता नाव जाहीर न करता चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली आहे. चित्रपट अजून प्रदर्शित झालेला नसतो, आणि तिकिटावर त्याच्या नावाच्या जागी केवळ ‘सरप्राइज शो’ एवढेच छापलेले असते. दर ९९ रुपये आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे हा आकडा कुणी विचारपूर्वक ठरवला असावा. आतापर्यंत असे चार खेळ मी पाहिले. प्रदर्शनापूर्वी नाव फोडू नये अशी विनंती दारातच केली जाते आणि ती मला मान्य असल्यामुळे पुढे कोणत्याही चित्रपटाचे नाव येणार नाही.

या खेळांतील सर्वांत रंगतदार क्षण चित्रपट सुरू होण्याआधीचा असतो. राष्ट्रगीत संपते, खुर्च्या करकरत पुन्हा भरतात, तंबाखूविरोधी सूचना होते आणि मग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र पडद्यावर येते. एरवी या कागदाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. येथे मात्र नाव, भाषा, श्रेणी आणि कालावधी सारे काही त्या एकाच चौकटीत पहिल्यांदा कळत असल्यामुळे अडीचशे माणसे माना पुढे काढून ते वाचू लागतात. पहिल्या खेळाला भाषेच्या रकान्यात ‘मल्याळम’ उमटले, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतील एक आजोबा शेजारच्या आजींना म्हणाले, “अगं, आता हे वाचत बसायचं व्हय?” आजींनी उत्तर दिले नाही, त्या चष्मा पुसत होत्या. पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षागृहाचा जवळपास तिसरा हिस्सा रिकामा झाला, आजोबा मात्र आजींमुळे बसून राहिले.

तो चित्रपट निवृत्तीला आठवडा उरलेल्या एका बसवाहकाचा होता. त्यातील एकाही नटाला मी ओळखत नव्हतो, जाहिरात पाहिलेली नव्हती, आणि नायक कोण हे कळायलाच मला अर्धा तास लागला, कारण दिग्दर्शकाने कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्यावर मुद्दाम रेंगाळू दिला नव्हता. शेवटच्या फेरीत वाहक सवयीने सुट्ट्या पैशांची पिशवी चाचपतो आणि ती आधीच जमा केल्याचे त्याच्या लक्षात येते. संवाद नाही, संगीतही नाही, केवळ रिकाम्या खांद्यावर फिरणारा हात. नाव आधी कळले असते तर मी हा चित्रपट पाहायला गेलोच नसतो, हे कबूल करायला हवे. या योजनेच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

दुसरा चित्रपट मराठी होता आणि तो आपल्याच पट्ट्यात घडत असल्यामुळे टाळ्या पडल्या, पण त्या फार टिकल्या नाहीत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘रं’ आणि ‘की’ चिकटवले म्हणजे कृष्णाकाठची बोली होते, अशी संवादलेखकाची समजूत दिसली. त्यावर कडी म्हणजे मुसळधार पावसात, चिखलात रुतलेल्या बैलगाडीवर ऊसतोड मजूर मोळ्या रचत आहेत असे एक अतिशय देखणे दृश्य होते. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, हे ज्या जिल्ह्यात शाळकरी पोराला ठाऊक आहे तेथे हे दृश्य गंभीर पार्श्वसंगीतासह दाखवल्यावर जे व्हायचे तेच झाले आणि सारे प्रेक्षागृह हसत सुटले. निर्मात्यांपैकी कुणी त्या रात्री शेवटच्या रांगेत बसले असते, तर निदान ते दृश्य कापण्याची बुद्धी त्यांना झाली असती.

तशी सोय म्हणून चित्रपटगृह बाहेर पडताना अभिप्रायाचे एक कार्ड आणि बोटभर लांबीची पेन्सिल देते. ही पद्धत जुनी आहे. हॉलीवूडमधील स्टुडिओ अशाच अघोषित खेळांनंतर कार्डे भरून घेत. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा दुसरा चित्रपट १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियातील पोमोना येथे असाच दाखवला गेला. तेथे आलेल्या प्रतिकूल कार्डांनी स्टुडिओ धास्तावला आणि पुढे त्यातील चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला गेला. आमच्या कार्डांना एवढे सामर्थ्य असण्याची भीती नाही. दुसऱ्या महिन्यात भरलेली कार्डे तिसऱ्या महिन्यातही पॉपकॉर्नच्या काउंटरवरील खोक्यात तशीच पडलेली मी पाहिली; वरच्या कार्डावर मिठाचे दाणे होते आणि खालून तिसरे माझे होते.

तिसऱ्या खेळाबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. खेळ पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला, त्याचे कारण समजण्यासारखे होते. डिजिटल प्रत कुलूपबंद येते आणि तिची केडीएम नावाची किल्ली नेमून दिलेल्या सर्व्हरवर, नेमून दिलेल्या वेळेपुरतीच चालते. ती किल्ली सव्वानऊनंतरची निघाली. परंतु उशीर सोसून बसलेल्या प्रेक्षकांपुढे प्रमाणपत्र आले ते ‘यूए १६+’ श्रेणीच्या भयपटाचे. माझ्या पुढच्या रांगेत एक जोडपे नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. ही श्रेणी सोळा वर्षांखालील मुलांच्या पालकांना मार्गदर्शन करते, मुलांना दारात अडवत नाही. पण ते मार्गदर्शन अंधारात, दार बंद झाल्यावर मिळाले तर पालकांनी करायचे काय? पहिल्या किंकाळीला मुलगी आईच्या पदरात शिरली, दहा मिनिटांनी तिघेही उठले आणि पैसे परत मागायला गेलेल्या वडिलांना ‘सरप्राइज शोला परतावा नाही’ हे तिकिटामागचे वाक्य बोट ठेवून दाखवण्यात आले.

परदेशात हा प्रकार चांगला रुळलेला आहे. ब्रिटनमध्ये ओडियन आणि अमेरिकेत एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळ्या ‘स्क्रीन अनसीन’ नावाने असे खेळ करतात, आणि तेथे नाव गुपित ठेवले तरी श्रेणी आधीच जाहीर करतात. येथेही तिकीट खिडकीवर श्रेणी, भाषा आणि कालावधी लिहिण्यात काहीच अडचण नसावी. भाषा सांगितल्याने पहिल्या खेळाला गर्दी कमी झाली असती, हे व्यवस्थापनाचे म्हणणे मला पटते, त्यामुळे भाषेचा आग्रह मी एकवेळ सोडीन, परंतु श्रेणीचा सोडणार नाही.

चौथा एक हिंदी विनोदी चित्रपट होता. मध्यंतरानंतर त्यातील विनोद संपले, चित्रपट मात्र आणखी तासभर चालला.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. मधल्या मार्गालगतची खुर्ची घेऊ नये, कारण पहिल्या वीस मिनिटांत उठून जाणारा प्रत्येक जण तुमच्या पायावरून आणि पडद्याच्या आड येऊनच जातो. आणि मिरजेकडे परतणाऱ्यांनी स्वतःचे वाहन आणावे. साडेबारा वाजता बाहेर पडल्यावर रिक्षावाला सांगेल तो दर द्यावा लागतो आणि चौथ्या खेळानंतर तो माझ्या तिकिटाच्या दुप्पट होता.