आठ फुटी झाडं म्हणून काठ्या रोवून गेला. सोसायटीवाल्यांनो, सावध राहा

२ लाख १० हजार रुपये. ४२ फ्लॅट, प्रत्येकी ५,०००. सोसायटीच्या बागेसाठी सेक्रेटरी म्हणून हे पैसे मी स्वतः दारोदार फिरून गोळा केले, त्यामुळे आज जिन्यात कुणी समोर आलं की मान वर होत नाही. तरी लिहितोय, कारण उद्या तोच बागेचा ठेकेदार जुळे सोलापुरात नाहीतर होटगी रोडला तुमच्या गेटवर उभा राहील.

कोटेशन नीटनेटकं होतं. कडुनिंब, करंज, बहावा मिळून १२० झाडं, ८५० प्रमाणे १,०२,०००. लॉन २,६०० चौरस फूट, ४५ प्रमाणे १,१७,०००. ठिबक ३८,०००. दीड लाख ॲडव्हान्स दिला. एवढा कशाला, असं विचाराल. त्याने दोन सोसायट्यांच्या बागा प्रत्यक्ष नेऊन दाखवल्या होत्या. त्या त्याने केल्याच नव्हत्या. बाग दाखवायला नेलं तर तिथल्या वॉचमनशी बोला, ठेकेदाराशी नको.

टेम्पो आला तो संध्याकाळी सातला. झाडांना एक पान नव्हतं, शेंड्याला शेण लावलेलं, बुडाला गोणपाट घट्ट बांधलेलं. "पानं काढली की झाड जगतंय की ओ साहेब, दीड महिन्यात पालवी फुटंल." मोठी झाडं हलवताना पानं काढतात, हे मलाही ठाऊक होतं, म्हणूनच पटलं. पण एक पोरगं खांद्यावर दोन-दोन झाडं टाकून पळत होतं! आठ फुटी झाड मुळांच्या मातीसकट एकट्याला उचलवत नाही. मी तिथे खुर्ची टाकून बसलो होतो, १२० पर्यंत मोजत होतो. मोजायच्या ऐवजी एक गोणपाट सोडून बघितलं असतं तर? रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने. गोणपाट सोडायला लावा. तो चिडला तर टेम्पो परत पाठवा.

आठवड्याने ठिबकचं सामान उचलायचं म्हणून आणखी ६०,००० नेले. ठिबकचा एक तुकडासुद्धा आला नाही. लॉनच्या लाद्या मुरमावर तशाच अंथरल्या होत्या, खाली चार बोटं मातीसुद्धा नाही, तीन आठवड्यांत पिवळ्या पडल्या. पावसाने ओढ दिलेली, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून आम्ही ९०० रुपयांचे १२ टँकर मागवले. हे १०,८०० वेगळे. दीड महिन्याने दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नाही, कोरडं तपकिरी लाकूड. उपटलं तर गोणपाटात माती आणि कोयत्याने तोडलेलं बूड. मूळ नाहीच! फोन तेव्हापासून बंद.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा "त्याचं ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे". तिथे गेलो तर "काम तुमच्या हद्दीत झालंय". तिसऱ्यांदा "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा". अहो, मुळं नसलेलं लाकूड झाड म्हणून विकणं हा वाद कसला? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? चौथ्यांदा साहेबांनी विचारलं, "लावली तेव्हाच मेलेली होती, याचा पुरावा काय?" उद्यान विभाग म्हणतो, खासगी जागा. सहकार खात्याच्या कार्यालयात तर मलाच झापलं: तीन कोटेशनं का नाही मागवली, सभेचा ठराव कुठाय? ठराव आहे, दाखवलाही. बघायला कुणाला वेळ नाही.

पैसे चेकने किंवा खात्यावर द्या, आमचे निम्मे रोख गेले. पावतीवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर तपासा, आमचा दुसऱ्याच कुणाचा निघाला. निम्मी रक्कम पालवी फुटल्यावरच द्यायची, हे करारात लिहून घ्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही आत्ता कळलं.

मेलेली झाडं जाळू नका, कचऱ्यातही देऊ नका. आमची १२० खोडं गोणपाटासकट, नंबर घालून गच्चीवर रचून ठेवलीत. सोमवारी त्यातली दोन घेऊन पाचव्यांदा ठाण्यात जातोय.