साल्वादोर की बेलेम? ब्राझीलची एकच जत्रा पाहायची असेल तर

ब्राझील म्हटलं की लोक आधी रिओ म्हणतात, मग कार्निव्हल. पण तुम्हाला तिथल्या माणसांचा देवधर्म पाहायचा असेल आणि एवढ्या लांब पुन्हा जाणं होणार नसेल, तर निवड दोन शहरांमध्ये करायची आहे. अटलांटिकच्या काठावरचं, बाहिया राज्यातलं साल्वादोर; किंवा ॲमेझॉनच्या मुखाजवळचं, पारा राज्यातलं बेलेम. दोन्ही पोर्तुगिजांनी वसवलेली, दोन्हीकडे चर्चची घंटा आणि उकाडा. साम्य साधारण तेवढंच.

आधी तारखा, कारण निम्मा निर्णय त्यांच्यावरच होतो. साल्वादोरला जानेवारीच्या मध्यावर एका गुरुवारी बोंफिमच्या चर्चच्या पायऱ्या धुतात, आणि २ फेब्रुवारीला समुद्रदेवी येमांजाचा उत्सव असतो. बेलेमचा सीरिओ, म्हणजे नाझारेच्या मेरीची मोठी मिरवणूक, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. दिवाळीच्या तोंडावर रजा मिळणार नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, साल्वादोरची तिकिटं काढा.

साल्वादोर १५४९ मध्ये वसलं आणि १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं अनेकदा इथे थांबत. पण शहराचा पिंड घडवला तो दुसऱ्याच जहाजांनी. गुलाम करून ब्राझीलला आणलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या ४८ लाखांच्या आसपास भरते, आणि हे बंदर त्या व्यापाराचं मोठं ठाणं. मालकांनी त्यांना बाप्तिस्मा दिला, संतांची नावं दिली. त्यांनी स्वतःचे देव, म्हणजे ओरिशा, सोडले नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा शुभ्रवस्त्रधारी देव ओशाला बोंफिमच्या ख्रिस्ताशी जोडला गेला. या परंपरेला कांदोम्ब्ले म्हणतात.

गाइड ही गोष्ट 'संतांच्या आड लपवलेले देव' अशी गोडगुलाबी करून सांगतात. ती तशीच्या तशी घेऊ नका. १९८३ मध्ये मांय स्टेला आणि इतर ज्येष्ठ पुरोहितिणींनी जाहीरपणे सांगितलं की आमचा धर्म स्वतंत्र आहे, त्याला आता संतांचा बुरखा नको. (पीठाच्या प्रमुख स्त्रीला तिथे 'मांय' म्हणतात. अर्थ आपल्या 'माय'चाच.) हे म्हणायला धैर्य लागत होतं, कारण १९७६ पर्यंत बाहियात कांदोम्ब्लेच्या पूजेसाठी पोलिसांकडे नोंद करावी लागत असे. त्यानंतर आठच वर्षांनी, १९८४ मध्ये, कासा ब्रांका हे जुनं पीठ सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित केलं.

पायऱ्या धुण्याचा दिवस पाहण्यासारखा आहे तो याच ताणामुळे. कॉन्सेसांव दा प्राया चर्चपासून बोंफिमपर्यंत सुमारे ८ किलोमीटर पांढऱ्या कपड्यांतली माणसं चालत जातात. पुढे घेरदार पांढऱ्या पोशाखातल्या बायका, डोक्यावर फुलांची आणि सुगंधी पाण्याची भांडी. पोचल्यावर त्या पायऱ्या धुतात, भक्तांच्या डोक्यावरही ते पाणी ओततात. पायऱ्याच का? पूर्वी चर्च आतूनही धुतलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशपने ते बंद केलं. दार मिटलं, धुणं उंबऱ्याबाहेर सुरू राहिलं. बाहेरच्या कुंपणाला हजारो रंगीत फिती फडफडत असतात: तीन गाठी, तीन इच्छा, फीत आपोआप तुटेपर्यंत हातावरून काढायची नाही.

याच शहरात डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा असा पुरुषांचा जथा दिसला तर दचकू नका. तो 'फिल्योस द गांधी', म्हणजे गांधींचे पुत्र. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरच्या गोदी कामगारांनी तो काढला. गाणी ओरिशांची, वाद्यं कांदोम्ब्लेची, नाव आपल्या बापूंचं.

आता बेलेम. हे १६१६ चं, चहूकडे नद्या आणि जंगल. इथे आफ्रिकेपेक्षा आदिवासी वारसा वरचढ. गोष्टही निराळीच, आणि आपल्याला पहिल्या वाक्यात कळणारी. साधारण १७०० मध्ये प्लासिदो नावाच्या गरीब माणसाला ओढ्याकाठी नाझारेच्या मेरीची लहानशी मूर्ती सापडली. त्याने ती घरी नेली. सकाळी मूर्ती पुन्हा ओढ्याकाठी. पुन्हा नेली, पुन्हा परत. देवीला तिथेच राहायचं होतं, म्हणून देऊळही तिथेच झालं. १७९३ पासून मिरवणूक निघते, आणि आजकाल सुमारे वीस लाख लोक रस्त्यावर असतात. २०१३ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मूळ मूर्ती बॅसिलिकात उंचावरच असते, मिरवते ती तिची प्रतिकृती. 'उत्सवमूर्ती' हा शब्द आपल्याकडे असल्यामुळे हे आपल्याला समजवावं लागत नाही.

कॅथेड्रलपासून बॅसिलिकापर्यंतचं अंतर जेमतेम ३.६ किलोमीटर, पण पालखीला कित्येक तास लागतात. कारण दोर. एकोणिसाव्या शतकात देवीचा गाडा नदीच्या पाण्याने झालेल्या चिखलात रुतला, तेव्हा लोकांनी दोर लावून ओढला. पुढे तो दोर विधीचाच भाग झाला. आज तो सुमारे ४०० मीटर लांब असतो. नवस फेडणारे अनवाणी, खांद्याला खांदा लावून त्याला लटकलेले असतात. माणसं चक्कर येऊन पडतात, डोक्यांवरून बाहेर काढली जातात. कुणी डोक्यावर मेणाचा पाय घेऊन चालतं, कुणी छोटंसं घर: जे बरं झालं किंवा जे मिळालं त्याची प्रतिमा. दोराजवळ जाऊ नका, हे मी अगदी बजावून सांगतो. त्यापेक्षा शनिवारी सकाळी देवी नदीतून येते, शेकडो होड्या मागे घेऊन, ते पाहा. त्याच दिवशी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातली उलट दिशेची मिरवणूक निघते, तीही चुकवू नका.

फरक माझ्या मते असा आहे. साल्वादोरला पाहुण्याची सवय आहे. गाइड मिळतो, फोटोसाठी पोझ मिळते, आणि त्याचे पैसेही मागितले जातात. कांदोम्ब्लेच्या पीठात मात्र बोलावल्याशिवाय जायचं नाही, फिकट कपडे घालायचे, कॅमेरा खिशात. सीरिओ तुमच्यासाठी मांडलेला नाही. त्या आठवड्यात घरोघरी नातेवाईक येतात, लोक एकमेकांना 'फेलीझ सीरिओ' म्हणतात, जणू तो नाताळच. ओळख काढून कुणाच्या घरी रविवारचं जेवण मिळालं तर बेलेमला तोड नाही. नाही मिळालं तर गर्दीत एकटं वाटू शकतं.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांसाठी एक योगायोग. जानेवारी १८३५ या एकाच महिन्यात साल्वादोरला मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी बंड केलं, ते एका रात्रीत चिरडलं गेलं. आणि बेलेमला झोपड्यांतल्या गोरगरिबांनी, आदिवासींनी शहरच ताब्यात घेतलं. 'काबानाजें' नावाचा तो लढा १८४० पर्यंत चालला. साल्वादोरची आठवण गल्लोगल्ली सांगितली जाते, बेलेमची शोधावी लागते.

शाकाहारी असाल तर साल्वादोर सोपं. अकाराजे म्हणजे चवळीच्या डाळीचा वडा, लाल पाम तेलात तळलेला. आत सुकी कोळंबी नको म्हणून आधीच सांगायचं, कारण वाटापा नावाच्या सारणातही ती असते. बेलेमचं सणाचं पक्वान्न मानिसोबा: कसाव्याची पानं, विष उतरावं म्हणून सुमारे सात दिवस उकळलेली, आणि वर डुकराचं मांस. ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच झाडाची ही पानं. तुकुपी नावाच्या कसाव्याच्या रसातल्या बदकात जांबूचा पाला पडतो आणि जीभ अक्कलकाढा चावल्यासारखी चुणचुणते. मांसाहार नसेल तर कसाव्याचं पीठ घातलेला, बिनसाखरेचा आसाई या ताडफळाचा गर आणि कुपुआसू या फळाचं आइस्क्रीम यांवर दिवस काढावे लागतील. काजू आणि अननस मात्र दोन्हीकडे भरपूर. हे शब्दही तिथल्या आदिवासी भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आलेले.

मला विचाराल तर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने साल्वादोर निवडावं, कार्निव्हल टाळून, येमांजाच्या दिवसाला. पहाटे रिओ वेर्मेल्यो किनाऱ्यावर अत्तर, आरसे, फुलं घेऊन लांबच लांब रांग लागते, आणि कोळी ती टोपल्यांतून समुद्रात सोडून येतात. एकट्या जाणाऱ्याला, घाम आणि गर्दी चालणाऱ्याला, मी बेलेमला पाठवीन. खोली मात्र फार आधी घ्या, त्या आठवड्यात शहरात जागा उरत नाही.

आणि दोन्हीकडे लागू: पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घेऊन तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला घरी नाही, विलगीकरणात पाठवतील.