फ्रंट लोड वॉशिंग मशीन: धुणं झकास, पण पुन्हा या कंपनीचं काहीच घेणार नाही

रेटिंग ५ पैकी २, आणि ते दोन पण फक्त धुण्याचे. कपडे खरंच छान निघायचे, कॉलरचा मळ जायचा, पाणी कमी लागायचं. पण वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले आणि स्पिन लागला की घरघर सुरू, आधी बारीक, मग इतकी की शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येईना. दार उघडून ड्रम हाताने वर उचलून बघितला तर ढकढक हलत होता. बेअरिंग, म्हणजे ड्रमचा शाफ्ट ज्यावर फिरतो ती लोखंडी कडी, गेलेलं.

होतं असं की ड्रमच्या मागे शाफ्टवर रबरी सील असतं, ते लीक झालं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो आणि बेअरिंग संपतं. पार्ट छोटासाच, पण या मॉडेलचा टब, म्हणजे ड्रमच्या बाहेरचं पाणी धरणारं भांडं, कंपनीतूनच कायमचा चिकटवून येतो, स्क्रू काढून उघडत नाही, त्यामुळे बदलायचा तर अख्खा टबच. आणि मशीनवर १० वर्षांचा जो मोठा स्टिकर आहे ना तो फक्त मोटरचा, मोटर ठणठणीत म्हणजे बाकी सगळं आपल्या खिशातून.

टेक्निशियन चांगला होता, त्यानेच हे सगळं नीट समजावून सांगितलं. कस्टमर केअरने मात्र जीव नकोसा केला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि टबच्या किमतीत काही सवलत मिळेल का याचं उत्तर न देताच कंप्लेंट बंद.

बिघाड कुठल्याही मशीनमध्ये होऊ शकतो, त्याचा राग नाही हो. मोटोरोलाने १९८६ मध्ये सिक्स सिग्मा, म्हणजे मालातले दोष कमी करायची पद्धत, आणली तेव्हापासून दहा लाखांत ३.४ डिफेक्ट हे टार्गेट सगळ्या फॅक्टऱ्यांना पाठ आहे. पण सोडून जाणारं गिऱ्हाईक कोण मोजतं? १९९० मध्येच राइकहेल्ड आणि सॅसर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलं होतं की गिऱ्हाइकांची गळती ५ टक्के कमी केली तर एका बँकेच्या शाखांचा नफा ८५ टक्के वाढला, गाड्यांच्या सर्व्हिस चेनचा ३० टक्के. माझ्याकडे फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं याच कंपनीचं, बहिणीलाही मीच घ्यायला लावलेलं, आता आम्ही दोघी दुसरीकडे गेलो. का सोडलंत असा एक साधा फोनसुद्धा आला नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

नवीन मशीन घेताना दुकानात आधी तेच विचारलं, टब उघडतो का, सील आणि बेअरिंग सुटं मिळतं का, वॉरंटी नेमकी कोणत्या पार्टवर. ज्याने हे बिलावर लिहून दिलं त्याच्याकडून घेतलं. तुम्ही पण लिहूनच घ्या, तोंडी हो म्हणणारे बरेच भेटतील.