मक्याची दोरी आठ महिने वापरून: साधी घ्यावी की हीट-सेट?

फेब्रुवारीत मोहोळ रोडच्या रानात कारली लावली, तेव्हा मांडवाला नायलॉनऐवजी पीएलएची (पॉलिलॅक्टिक ॲसिडची) दोरी घेतली. मक्याच्या स्टार्चपासून लॅक्टिक ॲसिड, त्यापासून हे सूत. मित्र म्हणाला, "काय बे, मक्यानं कारली बांधतोस?" दुपटीनं महाग पडली. पण रोटाव्हेटरला गुंडाळलेलं नायलॉन विळ्यानं कापत ज्यानं दुपार घालवलीय, तो भावाची घासाघीस करत नाही.

दुकानात दोन प्रकार होते, साधी आणि हीट-सेट, म्हणजे तापवून आकार पक्का केलेली. दोन्ही आणल्या. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, वडिलांचे माग होते. सूत तापवून त्याचं आखडणं काढून टाकतात एवढं ऐकून होतो. त्याचा कुजण्याशीही संबंध असतो, हे मात्र दोरी वापरल्यावर कळलं.

आधी घरीच दोन्हींचे हातभर तुकडे चहाच्या आधणात सोडले. साधा तुकडा डोळ्यांदेखत चार बोटं आखडला आणि पीळ उलटून वेडावाकडा झाला. हीट-सेटवाला जेमतेम हलला. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, वितळतं मात्र १५० च्या पुढे. या दोहोंच्या मध्ये, साधारण १३० ला, ताणून तापवलं की आतल्या रेणूंच्या विस्कटलेल्या साखळ्या शिस्तीत बसतात. म्हणून आकार टिकतो. आणि म्हणूनच कुजणं लांबतं, कारण पाणी आधी शिरतं ते विस्कटलेल्या भागात. तिथं ते साखळ्या तोडतं, तुकडे पुरेसे बारीक झाले की मग जंतूंची पंगत बसते. अर्थात ओलसर सूत जास्त तापवलं तर उष्णताच साखळ्या तोडते, म्हणजे सेटिंग नीट झालं असेल तरच हा फायदा.

मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला. थेट उन्हातल्या ओळींमध्ये साधी दोरी वेलाच्या वजनानं लोंबली, दोनदा ताणून बांधावी लागली. हीट-सेटला हात लावला नाही. तुटली मात्र एकही नाही.

खरी गंमत जुलैत. वेलांसकट दोरी तोडून शेणाच्या ढिगात घातली, दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. ढीग तापला होता, थर्मामीटर ५८ दाखवत होता. पाच आठवड्यांनी साधी दोरी हातात घेतली तर जाडी तीच, रंगही फार बदललेला नाही, पण चिमटीत धरताच शेवयांसारखी मोडली. हीट-सेट ओढल्यावर तुटत होती, पण चुरा होत नव्हता. तिचा चुरा व्हायला सप्टेंबर उजाडला.

एक तुकडा बांधाजवळ नुसत्या मातीत पुरला होता. परवा उकरला, गाठसुद्धा जशीच्या तशी. 'जमिनीत विरघळते' असं सांगून विकणाऱ्या दुकानदाराला हाच तुकडा दाखवणार आहे. ढीग तापत नसेल तर ही दोरी घेऊ नका.

पुढच्या उन्हाळी कारल्याला हीट-सेटच बांधणार. साधी काकडीला, तीही पावसाळ्यात. उरलेलं बंडल पत्र्याच्या शेडमधून काढून घरात कोरड्या जागी ठेवलंय.